अठरा गेजचा कूलर आणि पहिली आखाजी

आमच्या घरचा कूलर अठरा गेजच्या पत्र्याचा आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यात या कूलरची बदनामी करण्याचा कॉलनीतल्या काही लोकांचा प्रयत्न आहे, म्हणून त्याची बाजू आधी मांडलेली बरी. बाजारात मिळतात त्या कूलरचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो. आमचा कूलर मी भुसावळच्या एका कारागिराकडून, स्वतः समोर उभं राहून बनवून घेतला. दीपनगरच्या वीज केंद्रात उपकरण विभागात नोकरी झाल्यामुळे पातळ पत्रा मला बघवत नाही. आमच्या हॉलमध्ये आलेला पाहुणा एप्रिलच्या दुपारी शाल मागतो, असं मी लोकांना सांगतो. शाल अजून कोणी मागितलेली नाही, पण तो पाहुण्यांचा संकोच झाला.

तर गोष्ट गेमच्या डब्याची.

आमच्या दिपमालाचं लग्न या हिवाळ्यात झालं. ती राजस्थानात एका मोठ्या वीज उपकेंद्रात शिफ्ट इंजिनिअर आहे. जावई भूषणरावही तिथेच. म्हणजे बापाचीच लाइन पोरीने धरली, आणि ती बापापेक्षा दोन पायऱ्या वर आहे. हे मी कोणाला मुद्दाम सांगत नाही, विषय निघाला तर सांगतो, आणि विषय मी काढतो.

आता, अक्षय्य तृतीया बाकीच्यांसाठी सोनं घ्यायचा दिवस असेल. आमच्या खानदेशात ती आखाजी, आणि आखाजी म्हणजे लेकींचा सण. झाडाला झोके बांधायचे, आमरस-पुरणपोळी करायची आणि लेकीने माहेरी यायचं. लग्नानंतरची पहिली आखाजी असेल तर यायचंच, तिथे सबब चालत नाही. दिपमालाला सबब नव्हती, ड्युटी होती. उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली म्हणून सगळ्यांच्या रजा रद्द. फोनवर तिने हे सांगितलं तेव्हा सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, फक्त "बरं" म्हणाली आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटायला गेली. त्या कुरडया सकाळीच उलटून झाल्या होत्या. पण मी स्वतः किती सण कंट्रोल रूममध्ये काढले, त्यामुळे पोरीला काही बोलायचं तोंड मला नव्हतं. मी कॉलनीत सांगितलं, की माझ्या मुलीशिवाय तिथलं उपकेंद्र चालत नाही, सरकारने हात जोडले म्हणून ती थांबली. कॉलनीला हे पटलं. सुनंदाला सांगून उपयोग नव्हता.

मग एक दिवस पार्सल आलं. आत दिपमालाचा टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा डबा आणि तारा. चिठ्ठीऐवजी तिचा फोन आला: "आई, मी नवीन घेतलाय, हा तुला. आखाजीला दुपारी मी मोकळी असते, रात्रपाळी आहे. आपण दोघी खेळू, पूर्वीसारखं."

पूर्वीसारखं म्हणजे काय, तर दीपनगरच्या क्वार्टरमध्ये मी रात्रपाळीला गेलो की या मायलेकी गेम खेळत बसायच्या. मला वाटायचं दोघी माझी वाट बघतायत. पार्सल आल्यावर सुनंदाचा चेहरा असा काही उजळला, की मी त्याच क्षणी जाहीर केलं, "हा डबा मी स्वतः जोडणार. मेकॅनिक नको, कोणाचा सल्ला नको. दोनशे दहा मेगावॅटचा संच ज्याने सांभाळला त्याला हे काय अवघड?" हे वाक्य मी गॅलरीत उभं राहून बोललो ही चूक झाली. शेजारच्या ज्ञानचंदशेठनी ते ऐकलं.

डबा टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र आलं. आता त्याला घरच्या नेटशी जोडायचं, की झालं. त्यासाठी राऊटरचा पासवर्ड द्यावा लागतो आणि तो हातातल्या कंट्रोलरने एकेक अक्षर शोधून भरावा लागतो. मी पासवर्ड मजबूत ठेवलेला आहे. लहान अक्षर, मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, सगळं त्यात आहे. शेवटच्या चिन्हापर्यंत पोचलो की अंगठा घसरायचा आणि सगळं पुसलं जायचं. सुनंदाने निमूटपणे कंट्रोलर माझ्या हातातून घेतला आणि भाजी निवडावी तसा पासवर्ड भरून टाकला. मी म्हटलं, "बरोबर, मी तेच करणार होतो."

डब्याने विचार केला, गोल गोल चक्र फिरवलं आणि लिहिलं, की नेटवर्क सापडत नाही.

मी दिपमालाला फोन लावला. माझी मुलगी हुशार, तिने पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"पप्पा, राऊटर कुठे ठेवलाय?"

"उत्तम जागी."

"टीव्हीजवळच ना?"

"त्याहून उत्तम."

ती ड्युटीवर निघाली होती, त्यामुळे पुढचा प्रश्न राहिला. राहिला म्हणून ही गोष्ट लांबली, हे मला मान्य आहे. पण मी जे उत्तर दिलं ते त्या वेळच्या माहितीनुसार बरोबर होतं.

राऊटरची ही उत्तम जागा कोणती, ते सांगतो. थंडीत तो हॉलमध्ये टीव्हीजवळच होता. मार्च संपता संपता मी त्याला हात लावला तर तवा. वीज केंद्रात माणसांना पंखा नसला तरी चालतो, पण पॅनेलच्या खोलीत एसी चालू पाहिजे. यंत्राला गारवा द्यायचा हा आमच्या विभागाचा धर्म. जळगावच्या उन्हाळ्यात घरात सगळ्यात गार जागा कोणती? तर कूलरची मागची बाजू. कूलर गॅलरीत उभा, हॉलची खिडकी पूर्ण भरून. त्याच्या मागे भिंतीवर मी फळी ठोकली, ओल्या गवताच्या ताट्यांना लागून, आणि राऊटर तिथे बसवला. नेटची बारीक काचेची वायर कंपनीच्या माणसाकडून बरोबर मापात कापून घेतली, कारण लोंबकळणारी वायर मला सहन होत नाही. राऊटर इतका गार राहू लागला, की दुपारी मीच अधूनमधून त्याला हात लावून यायचो. शिवाय मी पेपर वाचायला गॅलरीतच बसतो, आणि तिथे माझ्या मोबाइलवर नेट घोड्यासारखं पळायचं. त्यामुळे नेटमध्ये दोष असेल अशी शंका घ्यायला जागाच नव्हती. दोष डब्यातच, असं माझं निदान झालं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानचंदशेठ आले. भांड्यांचे व्यापारी, घराणं मूळचं मारवाडचं, पण पिढ्यान् पिढ्या जळगावात. माणूस गोड. "नाना, जमलं का मग दोनशे दहा मेगावॅटचं?" असं त्यांनी गोडच विचारलं.

मी म्हटलं, "किरकोळ काम बाकी आहे."

त्यांच्याबरोबर सून रुची होती. ती म्हणाली, "काका, तुमच्या नेटचं नाव 'दीपनगर कंट्रोल रूम' आहे ना? आमच्या टीव्हीवर ते फुल दिसतं. आमच्या स्वतःच्या नेटपेक्षा जास्त."

माझं नेट, माझ्या पैशाचं, आणि नांदतंय शेजारी. हा मोठाच अपमान होता, पण तो मी हसण्यावारी नेला. शेठजींनी गॅलरीत जाऊन राऊटर न्याहाळला. "असं आहे बघा नाना, ही लहर चारी बाजूंना पळते. तिला एका बाजूने अडवा, ती दुसऱ्या बाजूने जोरात जाईल. मागे एक मोठी परात उभी करा." आणि संध्याकाळी दुकानातून एक परात आलीसुद्धा, लग्नात शंभर माणसांची कणीक मळतात तसली. ती राऊटरच्या कोणत्या बाजूला लावायची यावर आमची चर्चा झाली. कूलरच्या बाजूला लावली तर कूलरचा ओलावा राऊटरला लागणार नाही, असा दुहेरी फायदा मी सांगितला, आणि परात राऊटर व कूलर यांच्या मधोमध बसवली. आमचा डबा होता तसाच राहिला. शेठजींकडे मात्र त्या रात्रीपासून नेट आणखी सुधारलं, असं रुचीने सकाळी कौतुकाने कळवलं. मी परात काढली. सुनंदाने ती धुऊन पुरणासाठी ठेवून दिली.

मग नेट कंपनीकडे तक्रार. फोनवर एका मुलीने सगळं लिहून घेतलं आणि तासाभरात मोबाइलवर मेसेज आला, की आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे. मी धावत डबा लावला. निराकरण झालेलं नव्हतं. पुन्हा तक्रार, पुन्हा मेसेज. मी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्या मुलीने विचारलं, "सर, मोबाइलवर नेट चालतंय का?" मी खोटं बोलत नाही. म्हटलं, चालतंय. "मग नेट चालू आहे सर. गेम आमच्यात येत नाही." त्यानंतर मी काही बोलायच्या आत समाधानाबद्दल पाचपैकी किती गुण देणार असं यंत्र विचारू लागलं. मी एक दिला. त्यावर, आपल्या प्रोत्साहनाबद्दल आभारी आहोत, असा मेसेज आला.

अशात आखाजी दोन दिवसांवर आली आणि एरंडोलजवळच्या खेड्यातून अक्का आल्या. अक्का म्हणजे सुनंदाची मोठी बहीण, वच्छलाबाई. बरोबर घरच्या आंब्यांची करंडी. दारातच त्यांनी विचारलं, "पोर कोठे शे?"

सुनंदाने सांगितलं. अक्का पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मी हॉलमध्ये डब्यामागे आडवा होऊन तारा तपासत होतो तिकडे बघून म्हणाल्या, "गावन्या बठ्ठ्या पोरी उन्यात. आपली पोर उनी नही, आनि नाना, तुम्ही डबा काय जोडी राहिनात?"

गावच्या सगळ्या पोरी आल्या, आपलीच आली नाही, हे त्यांना सलत होतं. मी त्यांना समजावून सांगितलं, की दिपमाला या डब्यातून येणार आहे, म्हणजे तिचा आवाज येणार आहे आणि ती पडद्यावर खेळणार आहे. अक्कांनी डब्याकडे पाहिलं आणि करंडीतले आंबे निवडायला घेतले. सुनंदाही आता डब्याची चौकशी करेनाशी झाली होती. मी हॉलमध्ये दिसलो की ती स्वयंपाकघरात जायची, मला वाईट वाटू नये म्हणून. त्याचंच जास्त वाईट वाटायचं. पोरीच्या पहिल्या आखाजीला मायलेकींची गाठ घालून द्यायची एवढं एकच काम माझ्याकडे होतं, आणि त्यात मी नापास होत होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलंच नाही. कुठेतरी पाइप फुटला म्हणे. पिण्यापुरतं पाणी बाजूला ठेवलं, कूलर कोरडा पडला. दुपारी मी घामाने निथळत, निव्वळ सवयीने डबा लावला, आणि चक्र फिरायचं थांबलं. टीव्हीवर हिरवी खूण आली. जोडणी यशस्वी.

मी सुनंदाला हाक मारली ती तीन घरांना ऐकू गेली. सकाळीच मी राऊटरचं नाव बदलून 'दीपनगर कंट्रोल रूम एक' केलं होतं आणि डब्यातही तेच भरलं होतं. त्या 'एक'चा हा गुण, यात मला शंका राहिली नाही, आणि तसं मी ज्ञानचंदशेठना तपशीलवार समजावूनही सांगितलं. पेढे आणले. रुचीने विचारलं, "एक लिहिल्याने कसं काय झालं काका?" मी म्हटलं, "ते तांत्रिक आहे."

संध्याकाळी टँकर आला. सगळ्यांनी पाणी भरलं, मी आधी कूलर भरला, कारण अक्कांचा जीव कासावीस झाला होता. गार वारा सुटला. टीव्हीवरची हिरवी खूण गेली.

पेढे वाटून झालेले असताना असं होणं ही साधी गोष्ट नाही. मी नाव परत बदललं, दोन लिहिलं, तीन लिहिलं, शेवटी पुन्हा 'एक'वर आलो. सुनंदा अक्कांसाठी सरबत घेऊन आली होती. टीव्हीकडे बघत ती सहज म्हणाली, "पाणी भरलं की जातं बहुतेक तुमचं नेट."

"पाण्याचा आणि नेटचा काय संबंध?" मी म्हटलं आणि ती गेल्यावर कूलरचा पंप बंद केला. ताट्या निथळू दिल्या. हिरवी खूण आली. पंप चालू केला. ताट्यांवरून पाणी उतरू लागलं आणि खूण गेली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. उपकरण विभागात असाच दोष पकडतात. लहर राऊटरमधून निघते, समोर अठरा गेजचा पत्रा, त्यात जाळीपुरती वाट, आणि त्या वाटेवर ओलं गवत आणि वाहतं पाणी. पत्र्याने रोखलेली लहर पाण्याने संपवली. म्हणून ती मागे फिरून शेठजींच्या घरी जात होती. मी हॉलमध्ये येऊन सगळ्यांना माझा शोध सांगितला. सुनंदा म्हणाली, "हो का? बरं झालं तुम्हाला सापडलं."

एक गोष्ट मात्र इथे नोंदवली पाहिजे. बाजारातल्या पातळ पत्र्याच्या कूलरने नेट असं अडलं असतं का? कधीच नाही. आमच्या कूलरसमोर लहरीसुद्धा हार मानतात. ज्ञानचंदशेठनी यावर मान डोलावली, पण ती कोणत्या अर्थाने डोलावली ते कळलं नाही.

दोष कळला की उपाय सोपा: राऊटर परत टीव्हीजवळ न्यायचा. पण वायर मापात कापलेली. काचेची वायर, घरी जोडता येत नाही. कूलर सरकवावा तर गॅलरीची लोखंडी जाळी कूलर आत ठेवूनच बसवलेली, आणि सरकवायला जागा बोटभर. शेठजींचा मुलगा अर्पित म्हणाला, की टीव्हीच गॅलरीत नेऊ. टीव्ही भिंतीत पक्का बसवलेला. तोही मीच बसवला आहे, त्यामुळे तो निघणार नाही याची मला खात्री होती. मोबाइलचं नेट वापरून पाहिलं, तर हॉलमध्ये रेंज नाही. डबा जोडला गेला, पण चित्र एकदा हलायचं आणि एकदा थांबायचं.

म्हणून मी ऑफिस बंद व्हायच्या आत नेट कंपनीत पोचलो. काउंटरवर विधी नावाच्या मॅडम होत्या. अदबीने बोलत होत्या.

"सर, राऊटरची जागा बदलायचा अर्ज ग्राहकाने स्वतः करायचा असतो. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?"

मी अभिमानाने सांगितलं, "दिपमाला हिलाल पाटील. माझी मुलगी. इंजिनिअर आहे." पोरगी नोकरीला लागली तेव्हा पहिल्या पगारात तिनेच हे कनेक्शन घेऊन दिलं होतं.

"मग ग्राहक स्वतः हजर पाहिजे सर. सहीला."

"ती हजर राहू शकली असती तर मला नेटच लागलं नसतं."

मॅडमनी यावर थोडा विचार केला. "त्यांचं लग्न झालंय का सर? मग आधी नाव बदलाचा अर्ज लागेल."

"तिने नाव बदललेलं नाही."

"मग नाव बदललं नसल्याबद्दल एक साधा अर्ज द्यावा लागेल. तोही त्यांच्याच सहीने. आणि उद्या सुट्टी आहे, माणूस परवा येईल." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सर, मीपण उद्या माहेरी चाललेय. पहिलीच आहे माझी. नाहीतर काहीतरी केलं असतं."

मी त्यांना आखाजीच्या शुभेच्छा दिल्या आणि बाहेर आलो. त्यांच्यावर रागवावं असं ठरवून गेलो होतो, ते जमलं नाही.

आखाजीचा दिवस उजाडला. सकाळी पूर्वजांची घागर भरली, पूजा झाली, रसाचं भांडं भरलं, पुरण शिजलं. दिपमालाची वेळ दुपारची, म्हणजे नेमकी ज्या वेळी जळगावचं ऊन माणसाला दारात उभं करत नाही. आणि घरात माणसं तर जमलेली. ज्ञानचंदशेठ, त्यांच्या घरच्या राजकुंवरबाई, अर्पित, रुची, अक्का. शेठजी मला दोनशे दहा मेगावॅटची आठवण करून देणार, हे मी धरून चाललो होतो.

मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, "एक तर गारवा मिळेल, नाहीतर दिपमाला. दोन्ही मिळणार नाही."

कोणी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "पानी काढी टाका ना मंग."

ज्या कूलरच्या टाकीत, नळाला पाणी असेपर्यंत, मी पाणी तळाला जाऊ दिलं नाही, त्याचं बूच मी माझ्या हाताने काढलं. ताट्या त्या उन्हात बघता बघता वाळल्या. खिडकीतून असं गरम वारं आलं, की राजकुंवरबाईंनी पदर तोंडावर घेतला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. शेठजींनी सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि वर्तमानपत्राने आधी अक्कांना वारा घातला, मग स्वतःला. मेगावॅटचं नाव त्यांनी काढलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या परातीबद्दल कुठे बोलत नाही.

हिरवी खूण आली. टीव्हीतून आवाज आला, "आई?"

सुनंदाने आधी कपाळाचा घाम पुसला, पदर नीट केला, आणि मग म्हणाली, "आलीस का?"

गेम असा होता, की पडद्यावर एका हॉटेलाचं मोठं स्वयंपाकघर. त्यात दोन स्वयंपाकी. एक मांजर, ती सुनंदा. एक ससा, तो दिपमाला. बाहेर गिऱ्हाइकं बसलेली, त्यांना टोमॅटोचं सूप पाहिजे. एकाने टोमॅटो चिरायचे, दुसऱ्याने शिजवायचे, ताटलीत घालून खिडकीतून बाहेर द्यायचं, आणि घड्याळ पळत असतं.

"हाऊ ससा कोन शे?" अक्कांनी विचारलं. मी सांगितलं, आपली दिपमाला. अक्का खुर्ची सोडून टीव्हीजवळ जमिनीवर जाऊन बसल्या.

सुनंदाचे अंगठे असे चालत होते, की अर्पित बघतच राहिला. मी त्याला हळूच म्हटलं, "दीपनगरपासून खेळते." आजवर घरात माझं एकट्याचंच यंत्रावर प्रभुत्व आहे असं मी समजत होतो. त्या दिवशी बायकोचा हात बघून ऊर भरून आला, आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. मांजर टोमॅटो आणत होती, चिरत होती, चुलीवर ठेवत होती. ससा टोमॅटो घ्यायला गेला की मांजर आडवी यायची आणि त्याच्या हातातून टोमॅटो काढून घ्यायची.

"आई, मला चिरू दे ना."

"तू बस. माहेरी आलीस ना?"

"अगं गेममध्ये दोघींनी करायचं असतं. एकटीला पुरत नाही."

"एकटीने आजवर केलं नाही का मी? आखाजीला लेकीला चुलीजवळ उभं करू? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे घाम पुसत बसलेले आम्ही. ससा कोपऱ्यात उभा राहिला. गिऱ्हाइकं चिडून लाल झाली, एकेक उठून गेली, डाव गेला. दिपमाला हसत होती. "आई, पुन्हा."

पुन्हा सुरू झालं. या वेळी सुनंदाने तिला टोमॅटो नुसते धुऊ दिले, तेवढी सवलत दिली. पहिलं सूप झालं. मांजरीने ते ताटलीत घातलं. बाहेर गिऱ्हाईक थांबलेलं, वर घड्याळ लाल झालेलं. अर्पित म्हणाला, "काकू, खिडकीत, खिडकीत द्या." मांजर खिडकीकडे गेलीच नाही. ती वळली, सगळं स्वयंपाकघर ओलांडून कोपऱ्यात गेली आणि ताटली सशासमोर ठेवली.

"आई, हे गिऱ्हाइकाचं आहे."

"गिऱ्हाईक थांबेल. तू आधी जेव."

मग दिपमाला म्हणाली, "यात खायचं बटण नाही गं."

"नसू दे. समोर राहू दे तुझ्या."

मग मांजर दुसरं सूप करायला गेली नाही. सशाशेजारी उभी राहिली. ससाही हलला नाही. गिऱ्हाइकं उठून गेली. खाली शून्य गुण आले आणि खेळ संपल्याची शिटी वाजली. राजकुंवरबाई तोंडावरच्या पदराने डोळे पुसत होत्या. शेठजींच्या हातातलं वर्तमानपत्र थांबलं होतं. मला रडू येत होतं, आणि सगळ्यांचेच चेहरे घामाने ओले होते म्हणून मी ते येऊ दिलं.

अक्का पडद्याला अगदी लागून बसल्या होत्या. त्यांनी सशाला विचारलं, "जेवनी का पोर?"

"जेवले, मावशी," दिपमाला म्हणाली. "पुरणपोळी मऊ झाली होती."